परळचे अस्थिपुराण

मराठी भाषेने हाडाला मान दिला आहे, तसा त्याचा अपमानही पुष्कळ केला आहे. एखादा मास्तर जन्मजात मास्तर असला की आपण त्याला ‘हाडाचा शिक्षक’ म्हणतो. पण माणूस वाळला की त्याचा ‘हाडांचा सापळा’ होतो, कष्टाने खंगला की ‘हाडांची काडे’ होतात आणि दोन भावांत कोर्टकचेरी सुरू झाली की ते ‘हाडवैर’ ठरते. या सगळ्या बोलण्यामागे एक समजूत दडलेली आहे. ती अशी की, हाड हा शरीरातला निर्जीव भाग. रक्त सळसळते, मांस चढते-झडते, कातडी सुरकुतते. हाड मात्र घराच्या खांबासारखे जन्मभर मुकाट्याने उभे!

ही समजूत साफ खोटी आहे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. वाचक म्हणतील, एवढ्यासाठी दिवाळी अंकाची इतकी पाने कशाला खर्ची घालता? त्याचे कारण असे की, या खोट्या समजुतीची किंमत घरोघर मोजावी लागते. वाढत्या वयाची मुले ती मोजतात आणि म्हातारी माणसे तर फारच मोजतात. शिवाय मी राहतो परळला. एका अंगाला १९२६ साली उघडलेले केईएम रुग्णालय आणि त्याच्या आवारातले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय, शेजारी १९२९ सालचे वाडिया मुलांचे रुग्णालय आणि पलीकडे १९४१ पासूनचे टाटा स्मारक रुग्णालय. हाड मोडलेली, वाकलेली, किडलेली माणसे महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आमच्या फुटपाथवर येऊन पत्ता विचारतात. पस्तीस वर्षे शाळेत शास्त्र शिकवलेल्या माणसाने अशा ठिकाणी राहून अस्थिपुराण सांगायचे नाही, तर कोणी सांगायचे?

मटणाच्या दुकानातले शास्त्र

रविवारी सकाळी लालबाग-परळच्या मटणाच्या दुकानापुढे घटकाभर उभे राहा. एक बाई ‘दोन नळ्या घाला हो’ म्हणून बजावत असते, दुसरीला बरगडीची चाप हवी असते, तिसरी पोरांसाठी कुरकुरीत हाडे मागते. नळी म्हणजे पोकळ लांब हाड. तिच्यातला जो गर पोरे चोखून खातात ती मज्जा. कुरकुरीत हाड हे मुळी हाडच नव्हे. ती कूर्चा, म्हणजे कवळे हाड. मासळीबाजारात गेलात तर मुशी भेटेल. या माशाचा सगळा सांगाडाच कूर्चेचा असतो. खरे हाड त्याच्या अंगात नाही.

शाकाहारी वाचकांनी येथे नाक मुरडू नये. मुरडलेच, तर एवढे ध्यानात घ्यावे की नाकाचा शेंडा कूर्चेचा आहे म्हणूनच तो मुरडता येतो. हाडाचा असता तर मोडला असता! कानाची पाळ दुमडून सोडा, ती पुन्हा जागेवर येते. त्या पाळीचा वरचा ताठ भागही कूर्चेचाच. आपल्या सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार सांगितले: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. नलक म्हणजे आपली नळीच, आणि नाक-कानातले ते ‘तरुण’. कूर्चेला ‘तरुण हाड’ म्हणणारा हा प्राचीन शल्यवैद्य किती अचूक बोलून गेला, ते पुढे दिसेलच.

आता एक प्रयोग. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना जरूर करू द्या. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड व्हिनेगरमध्ये चार-सहा दिवस बुडवून ठेवा आणि मधून मधून व्हिनेगर बदला. त्यातले खनिज विरघळून जाईल आणि उरलेले हाड रबरासारखे वाकेल. उलट, हाड विस्तवात भाजले तर खनिज राहते आणि धागे जळून जातात. आकार तोच, पण चिमटीत धरले की खडूसारखा भुगा! हाड या दोहोंच्या संगनमताने बनते. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे चिवट धागे आणि त्यांच्या अंगावर बसलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे खनिज. वजनात सुमारे दोन तृतीयांश खनिज. बाकीचे धागे आणि पाणी. आमच्या खिडकीतून गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले जे टॉवर दिसतात, त्यांच्या खांबांतही हीच युक्ती आहे. लोखंडी सळ्या ताण सोसतात, काँक्रीट भार सोसते. इंजिनिअर मंडळींना हे कळायच्या कोट्यवधी वर्षे आधी माशाच्या पाठीत ते झाले होते.

पण काँक्रीट आणि हाड यांत एक मोठा फरक आहे, आणि तो मला माझ्या भाचीने शिकवला. ती डॉक्टरी शिकायला आमच्याकडे आली तेव्हा तिच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंकही आली. वरच्या वर्गातल्या मुलीकडून घेतलेला हाडांचा संच! ट्रंक खाटेखाली सरकवली गेली. त्या खाटेवर झोपणारी माझी आत्या सोवळ्या-ओवळ्याची; तिने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मात्र तीच भाचीला म्हणाली, “कोणा का बापड्याची असेनात, तुझ्या विद्येला उपयोगी पडताहेत ना? मग दिवेलागणीला ट्रंकेला नमस्कार करीत जा.”

एके रात्री भाचीने मांडीचे हाड माझ्या हातात दिले आणि त्याच्या अंगावरचे एक बारीक भोक दाखवले. “मामा, यातून रक्तवाहिनी आत जात होती. मेलेल्या वस्तूला रक्त कशाला हो लागेल?”

रंगखात्यात फुटलेले गुपित

हाड जिवंत आहे हे जगाला कळले, ते कापडाच्या रंगामुळे. गिरणगावच्या माणसाला ही गोष्ट आवडावी. जॉन बेल्चियर नावाचे एक इंग्रज शल्यवैद्य कापड छापणाऱ्या एका गृहस्थाकडे जेवायला गेले होते. पानात डुकराचे मांस होते. मांस नेहमीसारखेच, पण हाड लाल! चौकशी करता कळले की, कापडाला लाल रंग देण्यासाठी आपल्या मंजिष्ठाच्या जातीची एक मुळी वापरतात आणि रंगात भिजलेला कोंडा डुकरांना चारतात. मांसावर नाही, चरबीवर नाही, रंग चढला तो नेमका हाडावर. बेल्चियर यांनी ही हकीगत १७३६ साली प्रसिद्ध केली. पुढे फ्रान्समध्ये दुहामेल यांनी जनावरांना काही दिवस रंगाचा चारा आणि काही दिवस साधा चारा घालून पाहिले, तेव्हा हाडात लाल-पांढरे थर एकावर एक बसलेले दिसले. हाड रोज नवा माल घेते, याचा हा धडधडीत पुरावा होता.

मग ते लांब कसे होते? स्टीफन हेल्स यांनी १७२७ साली याचे उत्तर दिले होते. त्यांनी कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या हाडाला दोन भोके पाडून ठेवली. पिल्लू वाढले, हाड लांब झाले, पण दोन भोकांमधले अंतर होते तेवढेच राहिले. याचा अर्थ, हाड मधे ताणले जात नाही. ते टोकांना वाढते.

आईच्या पोटात आपली बहुतेक हाडे प्रथम कूर्चेचीच असतात; सुश्रुताचा ‘तरुण’ शब्द येथे किती सार्थ आहे पाहा. मग मधल्या भागात रक्तवाहिन्या शिरतात आणि कूर्चा हटवून हाड घातले जाते. पण लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती राखून ठेवलेली असते. या चकतीतल्या पेशी रुपयांच्या चवडीसारख्या एकावर एक रचल्या जातात, फुगतात, मरतात आणि त्यांच्या जागी हाड बसते. एका बाजूला नव्या पेशी, दुसऱ्या बाजूला नवे हाड. मुलांची उंची म्हणतात ती एवढीच! मांडीच्या हाडाची सुमारे सत्तर टक्के लांबी गुडघ्याजवळच्या एका चकतीतून येते, आणि ती वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर भर घालते.

मुलींत साधारण चौदा ते सोळा आणि मुलांत सोळा ते अठरा या वयात या चकत्या हाडाने भरून जातात. दुकान बंद! त्यानंतर उंची वाढवण्याच्या पावडरींवर बापाने कितीही पैसे उधळले आणि पोराने दारच्या चौकटीला कितीही लोंबकळून घेतले, तरी एक सूतही वाढ होत नाही. उलट, लहान वयात गुडघ्याजवळ, घोट्याजवळ किंवा मनगटाजवळ मार बसून सूज राहिली, तर ‘मुरगळले असेल’ म्हणून सोडून देऊ नये. ती चकती दुखावली असेल तर पाय आखूड किंवा वाकडा वाढण्याचा धोका असतो.

जन्मलेल्या मुलाच्या अंगात सुमारे तीनशे हाडे मोजता येतात. मोठ्या माणसात २०६. कमी झालेली हरवत नाहीत, एकमेकांना जुळतात. बाळाची टाळू बोटाला मऊ लागते आणि आजी तिथे तेल भरते, ती जागा म्हणजे कवटीच्या हाडांमधली न बुजलेली फट. साधारण दीड वर्षाच्या आसपास ती बुजते. ती बुजते ती कडेची हाडे वाढल्यामुळे; तेलाचे श्रेय आजीला प्रेमापोटी द्यावे.

बिऱ्हाडे न हलवता चाळीची दुरुस्ती

वाढ थांबली म्हणून काम थांबत नाही. आमच्या भागात जुनी चाळ पाडायची म्हटले की भाडेकरूंना संक्रमण शिबिरात पाठवतात, आणि परत केव्हा येणार ते देव जाणे. हाडाची रीत निराळी आहे. तिथे इमारत वापरात ठेवूनच खोली-खोलीने पाडकाम आणि बांधकाम चालते. एक जातीच्या पेशी जुने हाड विरघळवतात, त्या पाडकामवाल्या. त्यांच्या मागून गवंडी येतात आणि धागे व खनिज भरतात. काम संपल्यावर त्यांतले काही गवंडी आपणच बांधलेल्या भिंतीत राहून जातात आणि बारीक वाटांनी एकमेकांना निरोप पाठवतात: येथे भार वाढला आहे, येथे भेग पडली आहे. मोठ्या माणसाच्या हाडांचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो.

हे काम आंधळे नसते. १८६६ साली झुरिकमध्ये हेरमान मेयर या शरीरशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा छेद मांडला होता. कुल्मान नावाच्या इंजिनिअरच्या तो नजरेस पडला आणि तो थक्क झाला. यारी जेव्हा ओझे उचलते तेव्हा तिच्यात ताणाच्या आणि दाबाच्या ज्या रेषा निघतात, नेमक्या तशाच आखणीने हाडातल्या जाळीचे बारीक तंतू बसले होते. पुढे १८९२ साली युलियुस वोल्फ यांनी याचा नियम मांडला. सोप्या मराठीत तो असा: हाड भाराप्रमाणे घडते. टेनिसपटूचा खेळता हात दुसऱ्या हातापेक्षा जाड हाडाचा असतो. उलट, अवकाशात तरंगणाऱ्या अंतराळवीरांच्या पायांवर भारच पडत नाही. त्यांच्या खुब्याचे हाड महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. ज्याला आपण ‘आराम’ म्हणतो, त्याला हाड ‘माझी गरज संपली’ असे समजते. वाचकहो, हे वाक्य ध्यानात ठेवा; पुढे लागणार आहे.

कूर्चेचा संसार याहून वेगळा. सांध्यात हाडाच्या टोकावर ती गुळगुळीत अस्तरासारखी बसलेली असते. बर्फावर बर्फ घसरतो त्याहूनही तिचे घर्षण कमी. तिच्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी आणि रक्तवाहिनी एकही नाही. मग ती जेवते कशी? स्पंजासारखी. पाऊल टेकले की सांध्यातला रस पिळून बाहेर, उचलले की आत. म्हणजे चालणे हेच तिचे जेवण. मणक्यांमधल्या गाद्याही अशाच दिवसभर पिळल्या जातात आणि रात्री पाणी भरून फुगतात. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. मात्र रक्त नसल्यामुळे कूर्चेची दुरुस्ती जवळजवळ होत नाही. विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच लिहून ठेवले आहे की, एकदा नासलेली कूर्चा पूर्ववत होत नाही. गुडघ्याचे दुखणे हट्टी का, याचे हे उत्तर. चालताना गुडघ्यावर देहाच्या वजनाच्या दोन-तीनपट भार पडतो. तेव्हा फराळाचे ताट दुसऱ्यांदा पुढे ओढताना गुडघ्याचीही आठवण असू द्यावी.

हाड कोण जोडतो?

हाडाच्या बाबतीत निसर्गाने हात आखडला नाही. कातडी फाटली तर वण राहतो. हाड मात्र नीट जुळले तर वर्षा-दोन वर्षांनी मोडल्याची खूणही सापडू नये असे जुळते. मोडल्या जागी प्रथम रक्त साखळते. दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ कूर्चेचा गोळा तयार होतो. जणू त्या जागेपुरते हाडाचे बालपण परत येते. मग त्या गोळ्यात रक्तवाहिन्या शिरतात, कूर्चेचे हाड होते आणि पाडकामवाले येऊन वरचा फुगवटा तासून टाकतात. हाडवैद्य काय आणि सर्जन काय, हाड कोणीच जोडत नाही. ते हाडच जोडते. बाहेरच्या माणसाने दोनच गोष्टी करायच्या: तुकडे सरळ धरायचे आणि रक्त चालू ठेवायचे.

या दुसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले की अनर्थ होतो. हुतूतू खेळताना किंवा झाडावरून पडून पोराचे कोपराजवळचे हाड मोडते. कोणीतरी बांबूच्या कामट्या लावून करकचून पट्टी बांधतो. आत सूज वाढते, जागा उरत नाही, रक्त अडते आणि काही तासांत हाताचे स्नायू मरू लागतात. फोल्कमान या जर्मन शल्यवैद्याने १८८१ साली वर्णन केलेला हा प्रकार आजही घडतो, आणि हाड उत्तम जुळूनही पंजा जन्माचा आखडून बसतो. म्हणून पट्टी असो की प्लास्टर, दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, बोटे थंड, निळी किंवा बधिर पडली, बोट सरळ करताच पोर किंचाळले, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच पावली रुग्णालय गाठा.

नळीतल्या गराचीही कथा परळशी बांधलेली आहे. आपले रक्त तयार होते ते मज्जेत. मोठ्या माणसात मुख्यत्वे कमरेच्या, छातीच्या आणि मणक्यांच्या हाडांत. दर सेकंदाला वीस लाखांच्या वर तांबड्या पेशी तिथून बाहेर पडतात. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत तिने गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणातील पंडुरोगाचा शोध घेतला. मज्जेच्या कारखान्यात कोणता तरी कच्चा माल कमी पडत होता. मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क देताच त्या बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातले द्रव्य म्हणजे फोलेट. आज गर्भवती स्त्रियांना ज्या गोळ्या देतात, त्यांतले ते हेच. पुढे १९८३ साली याच परळात, टाटा रुग्णालयात, डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीवर भारतातले पहिले मज्जारोपण केले. लहानपणीच्या पोलिओमुळे स्वतः चाकांच्या खुर्चीतून वावरणारा हा डॉक्टर! मज्जा जुळण्याचा सर्वात चांगला संभव सख्ख्या भावंडांत, आणि तोही चारांत एक. भाऊबीजेला ओवाळताना हेही आठवायला हरकत नाही.

त्याच रुग्णालयाच्या फाटकाशी मी कधी कधी कुबड्या घेतलेली तेरा-चौदा वर्षांची मुले पाहतो. हाडाचा एक दुष्ट कर्करोग नेमका या वयात आणि बहुधा गुडघ्याजवळ होतो. जिथे वाढीची धांदल सर्वात जास्त, तिथेच. पूर्वी उपाय एकच, मांडीतून पाय कापणे. आणि पाय देऊनही पाचांत एखादेच मूल वाचे. १९७० नंतर औषधांची जोड मिळाली. आता रोग पसरण्याआधी मूल आले तर निम्म्याहून अधिक मुले वाचतात, आणि पुष्कळांचा पायही वाचतो. किडलेला भाग काढून त्या जागी धातूचा सांधा बसवतात. पण मूल वाढते आहे आणि वाढीची चकती तर काढलेल्या हाडाबरोबर गेली! म्हणून वाढत्या वयासाठी टप्प्याटप्प्याने लांब करता येतील असे सांधे निघाले आहेत. परदेशी सांधे सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेरचे, म्हणून टाटा रुग्णालय आणि पवईची आयआयटी यांनी मिळून देशी सांधा घडवण्याचे कामही हाती घेतले.

दुसरी एक रीत तर ऐकून अंगावर काटा येतो. किडलेले हाड कापून काढतात, त्यावरची गाठ खरवडतात, शस्त्रक्रिया चालू असतानाच ते हाड किरणोपचाराच्या खोलीत नेतात, त्यातली प्रत्येक पेशी मारतात आणि तेच हाड परत आणून पट्ट्या-स्क्रूंनी त्याच जागी बसवतात. आता हे हाड खरोखर निर्जीव असते. सांगाडा तेवढा उभा. मग दोन्ही टोकांकडून जिवंत हाडातले गवंडी येतात आणि काही महिन्यांत सांधा जुळवून टाकतात. रिकाम्या वाड्यात बिऱ्हाडे परत यावीत, तसे. हाडाचा जीव त्याच्या चुन्यात नसून त्यात राहणाऱ्या पेशींत असतो, हे याहून स्पष्ट कोठे दिसणार?

जमाखर्चाची वही

आता घरच्या गोष्टीकडे येतो. शरीरातले नव्व्याण्णव टक्के कॅल्शियम, म्हणजे सुमारे एक किलो, हाडांच्या पेढीत ठेवलेले असते. हृदयाच्या ठोक्याला आणि स्नायूंच्या हालचालीला लागणारे कॅल्शियम आहारातून आले नाही, तर शरीर या पेढीतून उचल करते. तिशीपर्यंत जमा अधिक, पुढे खर्च अधिक. बाईमाणसाची पाळी गेली की पहिल्या पाच-सात वर्षांत खर्च एकदम वाढतो. ज्यांनी तरुणपणी साठवले त्यांचे निभावते. म्हणून चौदा वर्षांच्या मुलीच्या पेल्यातले दूध म्हणजे सत्तराव्या वर्षीच्या तिच्या खुब्याची तजवीज आहे. दूध परवडत नसेल किंवा सोसत नसेल तर शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते; न सोललेल्या तिळात त्याच्या दुपटीहून जास्त. मोठ्या माणसाची रोजची गरज सुमारे एक हजार.

पण नुसते कॅल्शियम खाऊन भागत नाही. ते आतड्यातून आत यायला ड जीवनसत्त्व लागते, आणि ते बव्हंशी ऊन अंगावर घेतल्याने कातडीत तयार होते. ते कमी पडले की मुलांना मुडदूस होतो. पाय धनुष्यासारखे वाकतात. १९२२ साली हचिसन आणि शहा या जोडीने नाशिक भागातील पाहणी प्रसिद्ध केली. मुडदूस त्यांना आढळला तो खाऊनपिऊन सुखी पण पडद्याआड वाढणाऱ्या मुलांत. उघड्यावर हुंदडणारी गरिबांची पोरे अन्न कमी असूनही त्यातून सुटली होती. शंभर वर्षांनी पडदा गेला, पण टॉवर आले, शिकवण्या आल्या, हातात मोबाइल आला. भरपूर उन्हाच्या या मुंबईत ड जीवनसत्त्व कमी असलेली माणसे डॉक्टरांना रोज भेटतात.

माझी आत्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मोरीत घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. घरात तीन मते पडली. धाकटा भाऊ म्हणाला, “या वयात चिरफाड नको, निवांत पडू दे तिला.” शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “मास्तर, लेप लावणारे एकजण माझ्या माहितीचे आहेत.” आत्या स्वतः म्हणाली, “माझे आता काय राहिले आहे?” भाची तोवर डॉक्टर झालेली. ती म्हणाली, “मामा, आजी मोडक्या हाडाने जाणार नाही, अंथरुणाने जाईल. पडून राहिली की छातीत कफ साठेल, पाठीला जखमा होतील आणि उरलेली हाडेही झिजतील. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी पाचांत एक तरी वर्षभरात जाते. दोन दिवसांच्या आत ऑपरेशन करून तिला उभी करायची.” आणि मग आत्याकडे वळून, “आजी, तुम्हीच मला ट्रंकेला नमस्कार करायला सांगितलात ना? ती विद्या आता तुमच्याच कामी येऊ दे.”

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झाले. तिसऱ्या दिवशी दोघींनी धरून तिला उभी केली, तेव्हा ती भाचीला उद्देशून जे बोलली ते येथे छापण्यासारखे नाही. महिन्याभराने वॉकर घेऊन ती गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊ लागली. पुढे सहा वर्षे जगली, आणि त्यांतली पाच वर्षे आपले पाणी आपण घेऊन प्याली. म्हातारपणी याहून मोठे स्वातंत्र्य कोणते?

या दिवाळीत फराळ, फटाके, खरेदी सगळे होईलच. त्यात एवढे करा. मोरीत भिंतीला धरायला एक दांडा बसवून घ्या. त्याला साडीपेक्षा कमी पैसे पडतात. रात्री मोरीच्या वाटेवर दिवा ठेवा. पायात सुटणारी सतरंजी उचला. पन्नाशी उलटलेल्या बहिणीला, बायकोला एकदा हाडांची तपासणी करायला पाठवा. मुलांना किल्ला बांधायला अंगणात, गच्चीवर, मैदानात पिटाळा. उन्हात उड्या मारू द्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ‘तुम्ही बसा हो, आम्ही आणतो’ असे प्रेमाने म्हणण्याआधी थोडे थांबा. पेला चार पावलांवर असेल, तर त्यांचा त्यांना आणू द्या.